समतेचा युक्तिवाद : विद्यार्थ्यांची अभिरूप न्यायालये

(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हाला ‘विद्यार्थी आणि वक्तृत्व’ या विषयावर चार शब्द बोलायला सांगितले. विषय चांगला आहे, पण त्यावर दरवर्षी कोणी ना कोणी बोलतोच. म्हणून आम्ही वक्तृत्वाच्याच एका निराळ्या प्रकाराविषयी बोलणार आहोत. कायद्याचे विद्यार्थी ज्याला मूट कोर्ट म्हणतात आणि मराठीत ज्याला अभिरूप न्यायालय हा शब्द आहे, तो हा प्रकार. त्यातही समता आणि विविधता हेच ज्यांचे सूत्र, अशा स्पर्धा कॅनडात व अमेरिकेत भरतात. त्या कोणी सुरू केल्या, तिथे काय चालते आणि आपल्या मुलांनी त्यातून काय घ्यावे, एवढेच सांगायचे आहे.

जयंती सप्ताहातल्या वक्तृत्व स्पर्धा आपण सगळे पाहतो. मुलगी पाठ केलेले भाषण खणखणीत आवाजात म्हणते, टाळ्या पडतात, बक्षीस म्हणून पुस्तक किंवा स्टीलचा डबा मिळतो. मुलांची भीड चेपते, हे काही लहान काम नाही. आम्हीही त्याच पायरीवरून वर आलो. परंतु त्या भाषणाला मध्येच कोणी अडवीत नाही. अभिरूप न्यायालयात तिसऱ्या वाक्यालाच अडवतात.

आम्ही बँकेत कारकून, शिक्षण बी. ए. वकिलीशी आमचा संबंध इतकाच की, संघटनेच्या कामामुळे खात्यांतर्गत चौकशीत सहकाऱ्याचा बचाव प्रतिनिधी म्हणून काही वेळा बसलो आहोत. तिथे एक गोष्ट पुन:पुन्हा दिसली. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या पोटात सगळे असते, पण चौकशी अधिकाऱ्याने “नेमका कोणता नियम मोडला गेला?” एवढे विचारले की त्याची बोबडी वळते. तो घरच्या अडचणी सांगू लागतो. डोळ्यांत पाणी येते. कागदावर मात्र ‘कर्मचाऱ्यास उत्तर देता आले नाही’ एवढेच उतरते. अन्याय सोसणे वेगळे आणि तो शाबीत करणे वेगळे, हे त्या खोलीत आम्हाला जसे कळले तसे कोणत्या पुस्तकात कळले नाही. म्हणून या स्पर्धांविषयी वाचताना आमचे कुतूहल वाढले.

मूटची पद्धत मूळची लंडनच्या इन्समधली. बॅरिस्टर घडवणाऱ्या या संस्थांत कित्येक शतके जेवणाच्या दालनातच खोटे खटले लावून तरुणांकडून युक्तिवाद करून घेत. त्यांपैकी ग्रेज इनचे नाव आपल्याला परके नाही, बाबासाहेब तिथूनच १९२२ साली बॅरिस्टर झाले. आज जगभर ही पद्धत आहे. एक कल्पित किंवा खरा खटला देतात. खालच्या न्यायालयात निकाल लागलेला असतो, अपील वर आलेले असते. साक्षीदार नाहीत, उलटतपासणी नाही. वाद फक्त कायद्याचा. एक जोडी अपीलकर्त्याची, दुसरी प्रतिवादीची. आधी लेखी निवेदन द्यायचे, मग न्यायमूर्ती म्हणून बसलेल्या वकील-प्राध्यापकांपुढे, कधी खऱ्या न्यायाधीशांपुढेही, उभे राहून बोलायचे. गुण बहुतेक कशाला मिळतात? प्रश्न आल्यावर तुम्ही काय करता त्याला. आपल्या देशातही बार कौन्सिलच्या अभ्यासक्रमात हे सक्तीचे आहे. तीन अभिरूप खटले, प्रत्येकी १० गुण, त्यांतले ५ लेखी आणि ५ तोंडी. काही महाविद्यालयांत ते मनापासून होते, काही ठिकाणी जर्नल भरून उरकले जाते. कोणत्या ठिकाणी काय होते ते इथे बसलेल्या विधी शाखेच्या विद्यार्थ्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

आता कॅनडाकडे वळू. ग्रेनाडा नावाच्या लहानशा कॅरिबियन बेटावर १९२८ साली जन्मलेले ज्युलियस अलेक्झांडर आयझॅक टोरांटो विद्यापीठात शिकले, वकील झाले आणि १९९१ साली कॅनडाच्या फेडरल कोर्टाचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य न्यायाधीश झाले. २०११ मध्ये ते वारले. त्यांच्या नावाने कॅनडातील कृष्णवर्णीय विधी विद्यार्थ्यांची संघटना दरवर्षी एक मूट भरवते. देशभरच्या विद्यापीठांचे संघ तिथे येतात आणि खटला असा निवडलेला असतो की त्यात वंश, विषमता, प्रतिनिधित्व यांचा प्रश्न कायद्याच्या गाभ्याशीच यावा. भाग घ्यायला कृष्णवर्णीयच असले पाहिजे अशी अट नाही. अमेरिकेतील तशाच संघटनेची स्पर्धा फ्रेडरिक डग्लस यांच्या नावाने चालते. गुलामगिरीत जन्मलेल्या, चोरून अक्षरे शिकलेल्या आणि पुढे आपल्या वाणीने अमेरिका हलवणाऱ्या माणसाचे नाव युक्तिवादाच्या स्पर्धेला द्यावे, ही निवड आम्हाला फार आवडली.

या स्पर्धांत वारंवार येणारा एक शब्द आहे, इक्विटी. आमच्या बँकेत इक्विटी म्हटले की लोकांना शेअर-भांडवल आठवते! इथे अर्थ वेगळा. सर्वांना एकच नियम लावला म्हणजे समता झाली का, हा तो प्रश्न. कॅनडातल्या एका खटल्यावरून तो लवकर समजतो. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात टॉनी मेओरिन ही स्त्री जंगलातील आगी विझवण्याच्या पथकात होती आणि काम नीट करीत होती. पुढे सरकारने शारीरिक क्षमतेची चाचणी आणली. अडीच किलोमीटर अंतर ११ मिनिटांत धावायचे. तिने चार वेळा प्रयत्न केला आणि तिची सर्वांत चांगली वेळसुद्धा ४९.४ सेकंदांनी जास्त भरली. नोकरी गेली. नियम तर स्त्री-पुरुष दोघांनाही एकच होता, मग तक्रार कसली? तिच्या बाजूने विचारले गेले ते असे की, आग विझवायला इतक्याच वेगाने धावता आले पाहिजे हे कोणी, कशावरून ठरवले? सरकारला ते दाखवता आले नाही. १९९९ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. पोलीस भरतीच्या मैदानावर धावलेल्या आपल्या मुलींनी हा खटला जरूर वाचावा.

पण ज्या खटल्यामुळे अभिरूप न्यायालयाचे खरे मोल आम्हाला उमगले, तो दुसरा आहे. हॅलिफॅक्स शहरात १९९३ साली एक पंधरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा सायकलवरून येत असताना त्याच्या चुलतभावाला पोलीस पकडत होता. मुलगा मध्ये पडला. पोलिसावर हल्ला केल्याचा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला. साक्षीदार दोनच, गोरा पोलीस आणि हा मुलगा. न्यायाधीश होत्या कॉरीन स्पार्क्स, कॅनडातील पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री न्यायाधीश. त्यांनी मुलाला निर्दोष सोडले. सरकारी वकिलाने विचारले होते की पोलीस खोटे का बोलेल? त्याला उत्तर देताना त्या अशा आशयाचे बोलल्या की, पोलिसांनी न्यायालयाची दिशाभूल केल्याचे पूर्वी घडलेले आहे आणि गोऱ्या नसलेल्या तरुणांशी वागताना ते प्रमाणाबाहेर जातात हेही घडते. झाले! न्यायाधीशच पक्षपाती आहेत म्हणून सरकार अपिलात गेले आणि वरच्या दोन न्यायालयांनी फेरखटल्याच्या बाजूने कौल दिला.

सर्वोच्च न्यायालयात मुलाच्या बाजूने उभे राहिले बर्नली जोन्स. लोक त्यांना रॉकी म्हणत. आयुष्यभर चळवळीत राहिलेला हा माणूस. डलहौसी विद्यापीठात कृष्णवर्णीय आणि मिकमॅक या मूळ रहिवासी जमातीच्या विद्यार्थ्यांना कायद्याच्या शिक्षणाची वाट करून देणारी योजना १९८९ साली सुरू झाली. ती उभी करण्यात त्यांचा हात होता आणि त्याच वाटेने तेही शिकले. १९९२ मध्ये पदवी मिळाली तेव्हा वय पन्नाशीचे. पाच वर्षांत ते देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे उभे होते आणि त्यांच्या जोडीला होत्या डायान पोथियर, डोळ्यांनी अधू असलेल्या कायद्याच्या प्राध्यापिका. १९९७ साली सहा विरुद्ध तीन मतांनी मुलगा सुटला.

आता विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही मुलाच्या बाजूने उभे आहात असे समजा. तुमचे रक्त सळसळते आहे, तोंडात वाक्ये तयार आहेत. आणि न्यायमूर्ती विचारतात, “वकील महोदय, उद्या एखाद्या गोऱ्या न्यायाधीशाने ‘या वस्तीतली पोरे सहसा खोटे बोलतात’ असे म्हणून निकाल दिला, तर चालेल का? नसेल, तर हे का चालावे?”

आम्ही हा प्रश्न घरी मुलांना विचारून पाहिला. सगळी गप्प झाली. पहिले उत्तर येते ते ‘आमच्यावर पिढ्यान् पिढ्या अन्याय झाला’ हे. ते खरे आहे, पण ते या प्रश्नाचे उत्तर नाही. उत्तर शोधायला निकालपत्रात शिरावे लागते. न्यायाधीशांनी ‘हा गोरा आहे म्हणून खोटा’ असे म्हटले होते का? नाही. त्यांनी दोन्ही साक्षी तोलल्या होत्या, मुलाची साक्ष विश्वसनीय वाटली होती, आणि ते वाक्य आले होते सरकारी वकिलाच्या सवालाला उत्तर म्हणून. शिवाय ज्या समाजात न्यायाधीश राहतो त्याचा इतिहास माहीत असणे म्हणजे पक्षपात नव्हे, असे बहुमतातल्या चार न्यायमूर्तींनी सांगितले. बहुमतातल्या उरलेल्या दोघांना मात्र ती वाक्ये काळजीची वाटली. ती सीमारेषेच्या अगदी जवळ गेली आहेत, पण ओलांडलेली नाहीत, असे त्यांचे मत. उरलेल्या तिघांच्या मते न्यायाधीशाने पुराव्यावरच जावे, गटाविषयीच्या समजुतीवर नव्हे. हे तिघे काही आपले शत्रू नाहीत. ते जे तत्त्व सांगतात ते तर आपणही उद्या आपल्या बचावासाठी वापरू.

इथेच या स्पर्धांची सर्वांत अवघड बाब येते. कोणती बाजू मांडायची हे विद्यार्थ्याच्या हातात नसते. आयझॅक मूटमध्ये आलेल्या कृष्णवर्णीय मुलीच्या वाट्याला सरकारची बाजू येऊ शकते. मग जिच्या भावाला रस्त्यात पोलिसांनी अडवले असेल तिनेच उभे राहून सांगायचे की, न्यायाधीशांनी हे बोलायला नको होते. आपल्याकडे कोणी म्हणेल की हा खेळ बिनजखमांच्या मुलांनी खेळावा, आमच्या पोरांच्या तोंडी ही भाषा घालू नका. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेणार नाही. जातीवरून शिवी खाल्लेल्या मुलाला त्याच शिवीचे समर्थन करायला लावणे ही क्रूरता होईल. कोणती गोष्ट वादाचा विषय आहे आणि कोणती नाही, हे खटला तयार करणाऱ्याने ठरवलेच पाहिजे. माणूस माणसाच्या बरोबरीचा आहे की नाही, हा खटला कोणी लावू नये. अमुक उपाय कायद्यात बसतो की नाही, हा जरूर लावावा.

कॅनडातल्या मूळ रहिवाशांनी तर या आक्षेपावर आपला मार्गच काढला आहे. त्यांच्या मूटचे नाव कवास्किमहोन, क्री भाषेतला शब्द, अर्थ ‘जाणून बोलणे’. तिथे हार-जीत नाही. विद्यार्थी वेगवेगळ्या पक्षांचे प्रतिनिधी होतात, कोणी सरकारचे, कोणी एखाद्या जमातीचे, आणि एकत्र बसून सर्वांना मान्य होईल असा तोडगा शोधतात. ज्या न्यायालयांनी आमच्या जमिनी गेल्याचे पाहिले त्यांच्याच नाटकात आम्ही पात्रे का व्हावे, असा आम्ही त्याचा अर्थ घेतो. हा मार्ग आदरणीय आहे. तरी तोडग्याच्या बैठकीतसुद्धा समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली ठाऊक असलेला माणूसच उपयोगी पडतो, हे संघटनेत काम केलेला कोणीही सांगेल.

दुसऱ्याची बाजू घोकण्याचा उपयोग काय, याचा पुरावा अमेरिकेत आहे. थरगुड मार्शल यांच्या गावच्या मेरीलँड विद्यापीठात कृष्णवर्णीयांना कायदा शिकायला प्रवेश नव्हता. ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात गेले आणि १९३३ साली पदवीधर झाले. पुढे शाळांतील वर्णभेदाविरुद्धचा ब्राऊन खटला सर्वोच्च न्यायालयात उभा राहिला तेव्हा युक्तिवादाच्या रंगीत तालमी याच हॉवर्डमध्ये झाल्या. प्राध्यापक न्यायमूर्ती होऊन बसत आणि मार्शल व त्यांच्या सहकाऱ्यांना आडवेतिडवे प्रश्न विचारीत. आपल्याच लोकांनी आपल्याला इतके छळावे की खऱ्या न्यायमूर्तींचा प्रश्न नवा वाटू नये! १७ मे १९५४ रोजी निकाल लागला, शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरला.

त्याच हॉवर्डमध्ये पॉली मरे नावाची विद्यार्थिनी होती, वर्गातली एकटी मुलगी. ‘वेगळे पण समान’ या तत्त्वावर आडून हल्ला नको, सरळ त्याच्या मुळावरच घाव घालावा, असे तिने वर्गात म्हटले तेव्हा मुले हसली. तिने आपल्या प्राध्यापकांशी दहा डॉलरची पैज लावली की पंचवीस वर्षांत ते तत्त्व कोसळेल, आणि त्याच मुद्द्यावर निबंध लिहिला. १९४४ साली ती वर्गात पहिली आली. पैज तिने दहा वर्षांतच जिंकली. स्पॉट्सवुड रॉबिन्सन हे ते प्राध्यापक ब्राऊन खटल्याच्या तयारीत होते आणि तयारी करताना त्यांनी तिचा तो जुना निबंध काढून वाचला होता, हे तिला कितीतरी वर्षांनी कळले. विद्यार्थ्याच्या वहीतला मुद्दा कुठवर जातो ते पाहा.

आपल्या मुलांची खरी अडचण आम्हाला ठाऊक आहे. मूट म्हटले की इंग्रजी, काळा कोट, प्रवासखर्च, आणि समोर मोठ्या शहरातल्या महाविद्यालयाचा चटपटीत संघ. कायदा येत असूनही भाषेने मान खाली जाते. इथेही कॅनडाचे एक उदाहरण आहे. लास्किन मूट ही त्यांची घटनात्मक व प्रशासकीय कायद्याची स्पर्धा इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत चालते आणि संघात दुसऱ्या भाषेत बोलणाराही असावा लागतो. महाराष्ट्रात जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. मग मराठीतले अभिरूप न्यायालय कमी प्रतीचे कसे? इंग्रजी शिकायचे, त्यात दुमत नाही. पण युक्तिवाद आधी आपल्या भाषेत बसला की इंग्रजी नंतर मागाहून येते.

म्हणून मंडळापुढे आमची एक सूचना आहे. येत्या जयंती सप्ताहात वक्तृत्व स्पर्धा होऊ द्या, पण एक संध्याकाळ अभिरूप न्यायालयाला द्या. आणि खटला बाहेरून आणायची गरज नाही, चवदार तळ्याचा घ्यावा. २० मार्च १९२७ आपण सगळे जाणतो. त्यानंतर तळ्याची जी दहा वर्षे न्यायालयांत गेली ती मात्र फार थोड्यांना ठाऊक असतात. डिसेंबर १९२७ मध्ये सवर्ण वादींनी दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. १९३१ मध्ये महाडला निकाल त्यांच्या विरुद्ध गेला, १९३३ मध्ये ठाण्याला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात. त्यांचे म्हणणे होते, अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादि काळापासूनची प्रथा आहे. उच्च न्यायालय म्हणाले, ती अनादि असल्याचे सिद्ध झालेले नाही. बस. ती प्रथा सिद्ध झाली असती तर ती न्याय्य ठरली असती का, हा प्रश्न न्यायालयाने सोडवलाच नाही, कारण तिथवर जाण्याची गरज पडली नाही. आपण जिंकलो, आणि समतेवर अक्षरही न लिहिता जिंकलो. संविधानाचे सतरावे कलम अजून जन्माला यायचे होते. विहिरी, तळी आणि स्नानघाट यांची नावे घेऊन भेदाला बंदी करणारे पंधरावे कलमही.

विद्यार्थ्यांनी खटला १९३७ च्या कायद्यावरच लढवावा. संविधानाचा आधार घ्यायचा नाही. पुराव्यात काय होते, नगरपालिकेची मालकी कशी शाबीत झाली, प्रथा म्हणजे काय आणि ती किती जुनी असावी लागते, हे सगळे शोधावे लागेल. वादींची बाजू ज्यांच्या वाट्याला येईल त्यांना घरच्यांनी बोल लावू नये, ही आगाऊ विनंती. त्या मुलांनी कसून वाद केला तरच दुसऱ्या बाजूच्या मुलांना कळेल की बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी दहा वर्षे कशाशी झुंजत होते.

चार मुले, चार मुली, दोन-दोनच्या जोड्या. आपल्या वस्तीत सनद असलेले वकील आहेत, त्यांच्यापैकी तिघांनी न्यायमूर्ती व्हावे आणि दयामाया न दाखवता प्रश्न विचारावेत. नावे या महिनाअखेर चिटणिसांकडे द्यावीत. बाजू कोणाची, हे चिठ्ठ्या टाकून सर्वांसमोर ठरेल आणि तयारीला सहा आठवडे मिळतील. वेळ संपल्याची घंटा वाजवायचे काम आमच्याकडे असू द्या. काउंटर बंद करण्याची आम्हाला सवय आहे.